काम आधी आखावे, की करता करता ठरवावे?



अर्ज-दाखल्यांच्या कामासाठी आमच्याकडे येणाऱ्या मंडळींकडून अलीकडे एक नवाच प्रश्न ऐकू येतो. विड्या वळून मुलाला इंजिनिअर केलेल्या एका भगिनीने तो परवा सरळच विचारला. "भाऊ, पोरगं पुन्याला सॉफ्टवेअर कंपनीत लागलंय. म्हनतंय, आमच्या टीमला सायेबच न्हाई, आमचं काम आम्हीच ठरवतो. असली कंपनी खरी असती का ओ?"

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या घराने मिलमध्ये जॉबरचा, शेतावर मुकादमाचा आणि विडी कारखान्यात माल तपासणाऱ्याचा शब्द झेलत दिवस काढले, त्या घराला साहेबाविना चालणारे काम म्हणजे काहीतरी गफलत वाटणारच. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

कंपनी खरी असते. सॉफ्टवेअर तयार करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सगळे काम आधी कागदावर आखतात आणि मग पायरीपायरीने करतात. दुसरीत पाच-दहा जणांचा गट थोडे थोडे काम पुरे करून दाखवीत, आपले आपण ठरवीत पुढे जातो. यांपैकी कोणती धरावी यावर जगभर पंचवीसहून अधिक वर्षे वाद चालू आहे. तो केवळ कंपनीवाल्यांचा वाद आहे असे मात्र आम्हाला वाटत नाही. आपली मुले शिष्यवृत्तीचा जो फॉर्म भरतात, तोही सॉफ्टवेअरच असतो, आणि तो कसा बांधला यावर कोणाची फी वेळेवर भरली जाते हे ठरते.

सोलापूरच्या माणसाला पहिली रीत समजण्यासाठी लांब जायला नको. जेकार्डची चादर कशी निघते ते आठवा. आधी चौकटींच्या कागदावर नक्षी उतरते. त्या नक्षीप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. पट्ट्या क्रमाने ओवून मागावर चढवतात, आणि मगच माग सुरू होतो. मोराची मान वाकडी आली तर विणकर काय करणार? तो पुठ्ठेवाल्याकडे बोट दाखवणार, पुठ्ठेवाला नक्षीवाल्याकडे. चूक दिसते कापडावर, पण झालेली असते कागदावर. आणि ती दिसेपर्यंत सूत खर्ची पडलेले असते.

या पुठ्ठ्याचे आणि संगणकाचे नाते जुने आहे, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जाकार नावाच्या विणकराने हा माग बसविला. त्याच्याच नावाचे आपण जेकार्ड केले. भोके पाडलेल्या कार्डांवर १८९० साली अमेरिकेची जनगणना मोजली गेली. पुढे संगणकाचे प्रोग्रामही कितीतरी वर्षे कार्डांवरच भोके पाडून दिले जात. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सीच्या पहिल्या कामांत टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी कार्डांचेच काम होते.

सॉफ्टवेअरची जुनी रीत या मागासारखीच आहे. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते लिहून घ्यायचे, त्यावर सही घ्यायची. मग आराखडा, मग प्रोग्राम, मग तपासणी आणि शेवटी माल हवाली. एक पायरी संपल्याशिवाय दुसरी नाही. कड्यावरून खाली पडलेले पाणी परत वर चढत नाही, म्हणून हिला वॉटरफॉल म्हणजे धबधब्याची पद्धत असे नाव पडले.

भारतात हा धंदा वाढला तो बराचसा याच रीतीवर. गिऱ्हाईक अमेरिकेत आणि काम करणारी मुले मुंबई, पुणे, बंगळूर येथे. तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र. समोरासमोर बसून विचारण्याची सोय नाही, तेव्हा जे काय ते कागदावर सहीनिशी असल्याशिवाय पैसा ठरणार कसा? १९९० च्या दशकात तर अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने ठरविलेल्या सीएमएम नावाच्या पाच पायऱ्यांपैकी पाचवी गाठण्याची आपल्याकडील कंपन्यांत चढाओढ लागली होती. प्रत्येक गोष्टीची नोंद, प्रत्येक बदलाला मंजुरी. या शिस्तीवर परदेशी गिऱ्हाइकाचा विश्वास बसला आणि लाखो मुलांना पगार मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आम्ही स्वतः कारकून आहोत. कागदाला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. ज्याच्यामागे आमदार नाही, नातलग नाही, त्याच्या बाजूने आवक क्रमांक टाकलेला अर्जच उभा राहतो. "मी असे म्हणालोच नव्हतो" असे साहेब म्हणू लागले की सही केलेला कागद पुढे करता येतो. तोंडी कारभारात गरिबाचाच तोटा होतो, हा आमचा अनुभव आहे.

परंतु या पद्धतीची गंमत अशी, की जिच्या नावावर ती खपते त्या माणसाने तिच्याविषयी आधीच धोक्याची सूचना दिली होती. अंतराळयानांच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने १९७० साली एक निबंध लिहिला. त्यात त्याने या पायऱ्यांचे चित्र काढले आणि लगेच लिहिले, की हे असेच केले तर धोका आहे. कारण तपासणी सर्वांत शेवटी येते आणि मोठी चूक तेव्हाच उघडी पडते. त्याने उपायही सांगितले. आधी एकदा लहान प्रमाणावर करून पाहा, आणि गिऱ्हाइकाला वाटेत सामील करून घ्या. लोकांनी चित्र तेवढे उचलले, खालचा मजकूर वाचलाच नाही. परिपत्रकाचा नुसता विषय वाचून फाईल पुढे सरकवणारे अमेरिकेतही असतात तर!

आता दुसरी रीत. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा प्रोग्रामवाले जमले आणि त्यांनी एक छोटे घोषणापत्र लिहिले. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालते सॉफ्टवेअर मोलाचे, ठरलेला आराखडा धरून बसण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे, असा त्याचा आशय. या विचाराला अ‍ॅजाइल म्हणतात, म्हणजे चपळ. त्यातील सर्वांत चालणारी पद्धत म्हणजे स्क्रम. हे नाव रग्बीच्या खेळातले आहे. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन अशा कारखान्यांतील गटांची कामाची रीत त्या खेळाशी ताडून पाहिली. एकाने दुसऱ्याकडे चेंडू देऊन मोकळे व्हायचे नाही, सगळ्यांनी मिळून तो पुढे न्यायचा. त्यावरून १९९५ साली सदरलंड आणि श्वेबर या दोघांनी सॉफ्टवेअरसाठी स्क्रमची मांडणी केली.

आपल्या भगिनींना ही रीत बचत गटावरून चटकन कळेल. गटात दहा-पंधरा जणी. ठरलेल्या दिवशी बैठक. कोणाला कर्ज द्यायचे, किती द्यायचे ते बँकेचा मॅनेजर ठरवत नाही, गट ठरवतो. कोणाचा हप्ता थकला ते सगळ्यांसमोर निघते. स्क्रमच्या गटात साधारण दहापर्यंत माणसे असतात. काम एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीच्या तुकड्यांत करतात, बहुधा दोन आठवड्यांच्या. या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. रोज पंधरा मिनिटे सगळे जमतात आणि कोठे काय अडले ते एकमेकांना सांगतात. स्प्रिंट संपला की जेवढे पुरे झाले तेवढे वापरणाऱ्यापुढे चालवून दाखवायचे. तो म्हणाला "हे नको, ते पाहिजे", तर दोनच आठवड्यांचे काम वाया जाते. आणि बचत गट जसा वहीवाचून बुडतो तसा हा गटही नोंदीवाचून बुडतो. चपळ म्हणजे वाटेल तसे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

दोन्ही रीती एकाच कामावर लागल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास खात्याला गुन्ह्यांच्या फायली संगणकावर आणायच्या होत्या. पहिला प्रयत्न सुमारे १७ कोटी डॉलर खर्च करून २००५ साली सोडून द्यावा लागला. २००६ साली सेंटिनल या नावाने नवे कंत्राट एका मोठ्या कंपनीला दिले; तेही टप्प्याटप्प्याने मागे पडत गेले. शेवटी २०१० साली खात्याने काम आपल्या हाती घेतले, लहान गट बसविला आणि दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत ते करविले. २०१२ साली ते सगळ्या खात्यात चालू झाले.

आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. सर्व शाखा, एकच हंगाम. कंत्राट दिले तेही परीक्षांच्या दिवसांत. प्राध्यापक पडद्यावर तपासायला शिकताहेत, उत्तरपत्रिका सापडत नाहीत, एकाची दुसऱ्याला जाते, असा गोंधळ झाला. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, पुढच्या प्रवेशांची दारे कित्येकांना बंद झाली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कोणी म्हणेल, आराखडा चांगला नव्हता. कोणी म्हणेल, चपळपणा नव्हता. आम्ही म्हणतो, दोन्ही नव्हते. पायरीने जायचे तर परीक्षेच्या वर्षभर आधी बसायला पाहिजे होते. थोडे थोडे करायचे तर आधी एखाद्या लहान शाखेपासून सुरुवात करायला पाहिजे होती. घाई ही तिसरीच रीत आहे आणि सरकारी कामात तिचाच वापर फार.

त्याच २०१७-१८ या वर्षात आपल्या घराघराला चटका देणारी गोष्ट घडली. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि तिच्याबरोबर इतर अनेक खात्यांच्या शिष्यवृत्त्या, महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आणण्यात आल्या. हेतू वाईट नव्हता. पैसे मधल्या हातांत न अडकता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावेत, हे आपणही मागतच आलो होतो. पण अनेक खाती, सर्व जिल्हे, सर्व महाविद्यालये एकदम. पोर्टल अडखळले, अर्ज अडकले, आणि त्या वर्षापुरते सरकारला पुन्हा जुन्या कागदी पद्धतीकडे वळावे लागले. पुढल्या वर्षी सुधारलेले पोर्टल आले.

श्रीमंताच्या मुलाच्या दृष्टीने ही तांत्रिक अडचण. आपल्या मुलीच्या दृष्टीने मात्र महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकी असते आणि "शिष्यवृत्ती आली नाही, तर फी भरा" हे वाक्य असते. अशा कामाला कोणती रीत लावावी असे आम्हाला विचाराल, तर उत्तर देऊन ठेवतो. एक शिष्यवृत्ती घ्या, एक जिल्हा घ्या, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचे एखादे महाविद्यालय घ्या जिथे नेट मधूनच जाते. तिथली विद्यार्थिनी आणि तिथला लिपिक या दोघांना पहिल्याच महिन्यात पडद्यासमोर बसवा. आधार खात्याला जोडलेले नाही, आईचे नाव दोन दाखल्यांत दोन तऱ्हेचे आहे, ह्या गोष्टी मंत्रालयातल्या आराखड्यात दिसत नाहीत. लिपिकाला त्या दहा मिनिटांत दिसतात. त्याने त्या कोणाला सांगायच्या, एवढाच खरा प्रश्न असतो.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, आम्ही स्वयंशासित गटाचे पक्षपाती आहोत. थांबा. या गटाची दुसरी बाजू आपल्या समाजाने इतरांपेक्षा अधिक डोळसपणे पाहिली पाहिजे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे. विणाईत पगार जास्त होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी ही बंदी उठविण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली, ती यासाठीच. ध्यानात घ्या, ही बंदी टिकवून धरणारे शेजारच्या मागावरचे कामगार होते. गट आपला कारभार आपण करू लागला की गटाच्या मनात जे असते तेही कारभारात उतरते. वरून आलेला लेखी नियम नसेल, तर तळच्या माणसाने दाद कोणाकडे मागावी?

आज कोणी धोट्याचे कारण सांगत नाही. पण गटात नवे, नावाजण्यासारखे काम कोणी घ्यायचे आणि जुन्या चुका दुरुस्त करण्याचे काम कोणाकडे जायचे, हे गटच ठरवतो. एकाच महाविद्यालयातून आलेले चौघे दुपारी एकत्र जेवतात, तिथेच निम्मे ठरून जाते. इंग्रजी सफाईदार असलेला मुलगा पंधरा मिनिटांतली दहा मिनिटे बोलतो. आपले पोर काम नीट करून गप्प बसते आणि वर्षअखेरीस "पुढाकार कमी" असा शेरा घेऊन येते. म्हणून आमचे मुलामुलींना सांगणे आहे, की रोजच्या त्या पंधरा मिनिटांत एक वाक्य तरी बोलावेच, आणि काम कोणी केले याची नोंद लेखी राहील असे पाहावे. मोडके इंग्रजी चालते. अडले आहे हे शेवटच्या दिवशी सांगितलेले चालत नाही.

दुसरा धोका नावाचा. काम किती, माणसे किती, तारीख कोणती हे सगळे वरून ठरून आले, आणि मग "आता तुम्ही स्वयंशासित, कसे करायचे ते तुम्ही बघा" असे सांगितले, तर त्या गटाच्या वाट्याला फक्त जागरण येते. विडी कामगाराला घरी बसून आपल्या वेळेने काम करण्याची मोकळीक असते, असे म्हणणाऱ्यांचा आणि या कंपन्यांचा चुलता एकच असावा! वास्तविक स्क्रमच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट आहे, की एका स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचे ते काम करणारेच ठरवतील. २०२० साली त्या पुस्तिकेत बदल करून "स्वयंशासित" हा अर्थ आणखी ठळक केला गेला. मुलांनी ही पुस्तिका वाचावी. ती थोड्या पानांची आहे आणि फुकट मिळते.

तेव्हा निवड कशावरून करायची? आमच्या समजुतीप्रमाणे दोन गोष्टींवरून. चूक झाली तर ती मागे घेता येते का, आणि चूक ज्याला प्रथम दिसते त्याला बोलता येते का. रेल्वेच्या गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून कवच नावाची यंत्रणा भारतात बनली. ती सुरक्षेच्या चौथ्या म्हणजे सर्वोच्च पातळीला तपासून प्रमाणित केलेली आहे. तिथे "आधी चालवून पाहू, मग सुधारू" असे प्रवाशांच्या जिवावर करता येणार नाही. तिथे कागद, पायरी, सही, पुन्हा तपासणी हेच योग्य. कितीही रटाळ असो. फॉर्म भरण्याच्या पडद्यावर मात्र एखादे बटण चुकीच्या जागी बसले तर पंधरा दिवसांनी हलवता येते, आणि ते चुकीच्या जागी आहे हे सांगणारी विद्यार्थिनी हजर असते. तिला आधी विचारा.

बरीच कामे या दोहोंच्या मधली असतात. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत पुस्तकांची आणि वर्गणीची नोंद संगणकावर घ्यावी असे तिथल्या काही मुलांनी ठरविले आहे. त्यांच्यातही हाच वाद निघाला. एक जण म्हणाला, सगळे रकाने आधी ठरवू. दुसरा म्हणाला, करता करता कळेल. दोन रविवार त्यात गेले. शेवटी पुस्तके देण्याघेण्याचा भाग आधी करायचा आणि संध्याकाळी टेबलावर बसणाऱ्या दोन मुलींनी तो पंधरा दिवस वापरून काय अडते ते सांगायचे, असे ठरले. पैशाच्या भागाला मात्र रकाने, पावतीचे क्रमांक आणि दुरुस्तीचा अधिकार कोणाचा हे समितीच्या सह्यांनी आधी कागदावर येईल, मगच प्रोग्राम लिहायला घ्यायचा. तोवर वर्गणीचा हिशेब वहीतच राहणार आहे.